पीसीबीच्या टाकीत बुडबुडे कशासाठी?

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक सुटे भाग देशातच बनावेत म्हणून २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या यादीत पीसीबीही आहे. पीसीबी म्हणजे ज्या पाटीवर रेझिस्टर, आयसी वगैरे बसवतात ती पाटी. मोबाईल, इन्व्हर्टर, मिक्सर, कशातही ती असतेच. कारखान्यातली पीसीबी आणि विद्यार्थ्याने घरी केलेली पीसीबी यांत यंत्रांचा फरक प्रचंड आहे, पण तांबं विरघळवून रेषा उरवायच्या, हे मूळ काम दोन्हीकडे एकच. इंदूरात एसजीएसआयटीएस किंवा आयईटी या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांच्या घरी प्रोजेक्टच्या दिवसांत ते बघायला मिळतं: गॅलरीत प्लास्टिकचा ट्रे, त्यात गडद तपकिरी पाणी, आणि अर्धा-पाऊण तास तो ट्रे हलवत बसलेलं कुणीतरी. एवढं करूनही बोर्डाच्या कडेचे ट्रॅक, म्हणजे हव्या असलेल्या तांब्याच्या रेषा, खाल्ले जातात आणि मधे तांब्याचा डाग तसाच राहतो.

यावर उपाय आहे तो बुडबुड्यांची उभी टाकी. काचेचे पाच तुकडे, मासे पाळणारे वापरतात तो एअर पंप आणि भोकं पाडलेली एक नळी, एवढ्यात ती होते. पण ती नुसती वेगासाठी करायची असते हा समज चुकीचा आहे. वेग वाढतोच. खरा फायदा मात्र हा की बोर्ड सगळीकडे सारखा खाल्ला जातो.

तांबं विरघळतं म्हणजे काय होतं?

बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या बोर्डावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. त्याची नेहमीची जाडी ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसावा भाग. जिथे ट्रॅक हवा तिथे टोनर (लेझर प्रिंटरची शाई, कागदावरून इस्त्रीने उमटवलेली), मार्कर किंवा निळी ड्राय फिल्म लावून तांबं झाकायचं. उघडं राहिलेलं तांबं द्रावणात विरघळवायचं. या विरघळवण्याला एचिंग म्हणतात.

घरगुती कामात सर्रास वापरतात ते फेरिक क्लोराईड. त्यातलं लोखंड तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतं, तांबं क्लोराईड होऊन पाण्यात उतरतं आणि फेरिकचं फेरस क्लोराईड होतं. फेरस क्लोराईड तांब्याला काही करत नाही. तेव्हा बोर्डाला जिथे द्रावण टेकलंय, तिथला फेरिकचा साठा लगेच संपतो आणि वापरलेल्या, निकामी द्रावणाचा एक पातळ थर तांब्यावर बसून राहतो. बाटलीत कितीही ताजं द्रावण असो, ते त्या थरातून हळूहळू झिरपत आलं तरच पुढचं काम होणार.

बंद खोलीत दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं असंच असतं. कपड्याभोवतीची हवा दमट होऊन तिथेच थांबते, म्हणून ते वाळत नाहीत. पंखा लावला की वाळतात. पंखा हवा गरम करत नाही, दमट थर फक्त बाजूला सारतो. टाकीतले बुडबुडे बोर्डाजवळून वर जाताना नेमकं हेच करतात.

सपाट ट्रेमध्ये कडेला द्रावण सहज खेळतं, मध्यावर नाही. म्हणून कडा आधी मोकळी होते आणि मधलं तांबं निघायची वाट बघताना कडेचे ट्रॅक टोनरच्या खालून, बाजूने खाल्ले जातात. एचिंग नुसतं खाली जात नाही, आडवंही जातं. जितका जास्त वेळ बोर्ड आत, तितका ट्रॅक बारीक. बुडबुड्यांमुळे सगळं तांबं जवळपास एकाच वेळी संपतं आणि बोर्ड वेळेवर बाहेर काढता येतो.

टाकी उभी आणि अरुंद का?

दोन कारणं. एक म्हणजे बुडबुडा वरच जातो, म्हणून बोर्ड त्याच्या वाटेत उभा हवा. आडव्या बोर्डाखाली हवा अडकून बसते आणि तेवढा भाग कोरडा राहतो. दुसरं म्हणजे द्रावण कमी लागतं. आतून २५ सेंटिमीटर रुंद, ४ सेंटिमीटर जाड आणि २० सेंटिमीटर खोल द्रावण म्हणजे बरोबर २ लिटर. यात साधारण २० बाय १५ सेंटिमीटरचा बोर्ड बसतो. विद्यार्थ्याच्या कामाला यापेक्षा मोठा क्वचितच लागतो.

काचवाल्याकडून ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचे तुकडे असे कापून घ्या: समोरची आणि मागची बाजू २६० बाय २५० मिलिमीटर, दोन नग, बाजूच्या पट्ट्या ४० बाय २५०, दोन नग, तळ ४० बाय २४८, एक नग. तळ दोन मिलिमीटरने लहान ठेवलाय तो दोन्हीकडे सिलिकॉनला एकेक मिलिमीटर जागा मिळावी म्हणून. कडा घासून द्यायला सांगा, नाहीतर हात कापतो.

सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घ्या. काचेला तेच पक्कं धरतं. काचेच्या कडा स्पिरिटने पुसा, तुकडे चिकटपट्टीने उभे धरा, आतल्या सगळ्या सांध्यांवर पाच-सहा मिलिमीटर रुंद सलग थर ओढा आणि ओलं असतानाच बोटाने दाबून गोलसर करा. मधे थांबून पुन्हा सुरू केलेला थर त्याच ठिकाणी गळतो. ४८ तास हात लावू नका. फेरिक क्लोराईडचं द्रावण पाण्यापेक्षा जड असतं. भरलेल्या टाकीत समोरच्या काचेवर मिळून साधारण सहा-सात किलोचा रेटा बसतो. अर्धवट वाळलेला सांधा तो सोसत नाही.

अ‍ॅक्रिलिकची टाकीही चालते, पण हे सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही. तिथे अ‍ॅक्रिलिक विरघळवून जोडणारं सॉल्व्हंटच लागतं. कडधान्याचा उंच, चपटा प्लास्टिकचा डबा मिळाला तर सगळ्यात सोपं, सांधाच नाही. धातू मात्र कुठेही नको. स्टीलचा स्क्रू, क्लिप, हँगर, काहीही असो, फेरिक क्लोराईड त्याला खातं. स्टेनलेस स्टीलही वाचत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमवर तर उसळून प्रक्रिया होते.

बुडबुड्यांची नळी: सगळी कमाई इथेच

बाकी टाकी ओबडधोबड चालेल, नळी चालणार नाही. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ताठ प्लास्टिकची नळी मिळते, आतून ४ मिलिमीटर. तिचा एक तुकडा टाकीच्या तळाशी आडवा, दुसरा बाजूने वर, द्रावणाच्या पातळीच्या बाहेर, मधे कोपऱ्याचा जोड. आडव्या तुकड्याचं टोक इपॉक्सीने बंद करा.

त्यात ०.६ मिलिमीटरच्या पीसीबी ड्रिलने दर सेंटिमीटरला एक अशी सुमारे २४ भोकं पाडा. हे आकडे उगाच दिलेले नाहीत. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ नळीच्या आतल्या क्षेत्रफळापेक्षा बरंच कमी असायला हवं. इथे ते जवळपास निम्मं येतं. भोकं मोठी झाली की हवा पहिल्या पाच-सात भोकांतूनच निघून जाते आणि टोकापर्यंत पोचतच नाही. तापवलेल्या सुईने भोकं पाडणारे इथेच फसतात, कारण प्रत्येक भोक वेगळ्या मापाचं होतं आणि बहुतेक मोठंच होतं.

भोकं तळाकडे तोंड करून ठेवा. बुडबुडे नळीला वळसा घालून वर येतात, पण पंप बंद असताना गाळ भोकांत बसत नाही. नळी तळापासून सेंटिमीटरभर वर राहील असे सिलिकॉनचे दोन ठोकळे करून तिला धरा.

मग समतल बघा, आणि इथे घाई नको. एवढ्या कमी दाबावर नळीचं एक टोक पाच-सहा मिलिमीटर जरी खाली गेलं तरी तिथली भोकं गप्प होतात आणि सगळी हवा वरच्या टोकातून निघते. आधी टाकीत साधं पाणी भरा, पंप लावा आणि समोरून बघा: पडद्यासारखी सलग रांग दिसली पाहिजे. एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ दिसली तर टाकीखाली पुठ्ठा सरकवून बघा. रांग सारखी झाली तर दोष समतलाचा होता, भोकांचा नाही. हे पाणी २४ तास तसंच ठेवलं की गळतीही कळते.

मासे पाळणाऱ्यांचा हवेचा दगड का नको? थोडे दिवस चालतो. पण त्याची बारीक छिद्रं गाळाने बुजतात आणि ती साफ करता येत नाहीत. नळीची भोकं सुईने मोकळी होतात.

पंप कुठे ठेवायचा?

मिनिटाला २ ते ४ लिटर हवा देणारा अ‍ॅक्वेरियम पंप पुरतो. तो टाकीपेक्षा उंच फळीवर ठेवा. वीज गेली की नळीत दाब उरत नाही, द्रावण उलटं चढतं, आणि पंप खाली असेल तर सायफन होऊन टाकीच पंपात रिकामी होऊ शकते. उंचीच्या जोडीला नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही, म्हणजे एकाच दिशेने वाट देणारी झडप, बसवा. तो रबरी पडद्याचा असावा, आत धातूची स्प्रिंग असलेला नको. आणखी एक: पंप हवा जिथून ओढतो ती जागा टाकीपासून लांब हवी. टाकीवरची आम्लयुक्त हवा सतत आत गेली तर पंपाचा रबरी पडदा लवकर जातो.

प्रत्येक फुटणारा बुडबुडा बारीक थेंब उडवतो. फेरिक क्लोराईडचा डाग फरशीवर, कपड्यावर, ओट्यावर कायमचा बसतो आणि जवळची हत्यारं गंजतात. म्हणून टाकीवर झाकण हवं. घट्ट नव्हे, हवा जायला फट ठेवलेलं. आणि संपूर्ण टाकी एका प्लास्टिकच्या टबात उभी करा; काच फुटलीच तर दोन लिटर त्यात मावले पाहिजेत. डाग काढायला ब्लीच कधीही वापरू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. लिंबूसत्व किंवा ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने डाग फिका होतो.

द्रावण किती आणि कसं करायचं?

फेरिक क्लोराईड दोन रूपांत मिळतं. काळपट हिरवी निर्जल भुकटी असेल तर एक लिटर पाण्याला ४०० ग्रॅम. पिवळसर तपकिरी ओली ढेकळं असतील तर त्यांच्यात वजनाच्या चाळीस टक्के पाणीच असतं, म्हणून एक लिटर पाण्याला एक किलो. दोन्हींनी ताकद सारखीच, तीस टक्क्यांच्या आसपास येते. जास्त घट्ट केलं की जास्त चांगलं, असं नाही. द्रावण दाट झालं की ते खेळत नाही आणि काम मंदावतं.

निर्जल भुकटी पाण्यात पडली की खूप उष्णता सुटते आणि नाकाला झोंबणाऱ्या वाफा येतात. भुकटी पाण्यात, चमचा-चमचा टाकायची. भुकटीवर पाणी ओतायचं नाही. हे काम गच्चीवर किंवा अंगणात, चश्मा आणि हातमोजे घालून, प्लास्टिकच्या बादलीत करा आणि निवल्यावरच काचेच्या टाकीत ओता.

तापमानाचं काय?

४० ते ४५ अंश सेल्सिअस हे मोजमाप धरा. त्यावर ताज्या द्रावणात बुडबुड्यांसकट साधारण दहा मिनिटांत बोर्ड होतो. थंड, स्थिर ट्रेमध्ये त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. ५० च्या वर गेलं की वाफा वाढतात आणि टोनर सुटायला लागतो. इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी हीटरची गरजच नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळी द्रावण पंधरा अंशांवर असतं आणि तेवढ्यावर एचिंग रेंगाळतं.

बरेच जण १०० वॉटचा काचेचा अ‍ॅक्वेरियम हीटर टाकीत सोडतात. त्यात दोन अडचणी. तो माशांसाठी असल्याने त्याचा थर्मोस्टॅट साधारण तिशीच्या थोडं वरच वीज तोडतो. आणि हीटरची काचेची नळी तडकली तर २३० व्होल्ट थेट विजेला वाट देणाऱ्या द्रावणात. वापरायचाच असेल तर लाईनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा आणि हात घालण्याआधी प्लग काढलेला हवा. त्यापेक्षा द्रावणाची प्लास्टिकची बाटली, बूच सैल करून, गरम पाण्याच्या बादलीत वीस मिनिटं ठेवा आणि मग टाकीत ओता. दोन-तीन बोर्डांपुरती ऊब त्यात सहज टिकते. एवढ्या कामासाठी टाकीत वीज नेण्याचं कारण नाही.

बोर्ड आत गेल्यावर

बोर्ड आधी भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने घासा, साबणाने धुवा आणि त्यानंतर तांब्याला बोट लावू नका. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तेवढ्या जागी टोनर नीट धरत नाही, आणि टोनरबाहेरच्या उघड्या तांब्यावर तो पडला तर तिथलं तांबं उशिरा निघतं. कोपऱ्यात भोक पाडून नायलॉनच्या दोऱ्याने बोर्ड टाकीच्या मधोमध टांगा, दोन्ही काचांपासून सारख्या अंतरावर. दोन बाजूंचा बोर्ड असेल तर हे अंतर फार महत्त्वाचं. काचेला टेकलेली बाजू मागे पडते.

द्रावण अपारदर्शक असल्याने दर दोन मिनिटांनी बोर्ड उचलून बघावा लागतो. मागून टॉर्च धरा. ग्लास इपॉक्सीच्या बोर्डातून प्रकाश आरपार येतो; जिथे तांबं गेलं तिथे पिवळट उजेड, जिथे उरलं तिथे काळं. ट्रॅकच्या मधली शेवटची करडी झाक विरली की लगेच बाहेर. आणखी एक मिनिट म्हणून ठेवलेल्या बोर्डाचे बारीक ट्रॅक हमखास तुटतात.

बुडबुड्यांनी टोनरच उडाला, तर दोष बहुधा इस्त्रीचा किंवा घासण्याचा असतो. तरी पंपाची हवा क्लिपने थोडी कमी करून बघा. उकळल्यासारखी खळखळ नको, बारीक बुडबुड्यांचा सलग पडदा हवा.

हवेने द्रावण पुन्हा ताजं होतं का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर थोडं होकारार्थी आहे. हवेतला ऑक्सिजन फेरस क्लोराईडचं पुन्हा फेरिक करतो, पण हळू, आणि त्यासाठी आम्ल खर्च होतं. आम्ल नसेल तर त्याच प्रक्रियेत लोखंडाचं हायड्रॉक्साईड तयार होतं, म्हणजे तपकिरी चिखल. ट्रेपेक्षा बुडबुड्यांच्या टाकीत गाळ जास्त का येतो आणि भोकं का बुजतात, याचं कारण हे आहे. एका लिटरला १५-२० मिलिलिटर हार्डवेअरच्या दुकानातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातलं की चिखल आटोक्यात राहतो. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अ‍ॅसिड घेताना ओळखपत्र आणि नोंद लागते, ते बरोबर न्या. आणि काम झालं की पंप बंद करा. रात्रभर हवा सोडून काही फायदा नाही.

मग द्रावण किती टिकतं? हिशेब करता येतो. १० बाय १५ सेंटिमीटरच्या एका बाजूच्या बोर्डावर सुमारे ४.७ ग्रॅम तांबं असतं. त्यातलं सत्तर टक्के काढलं तर सव्वातीन ग्रॅम. दोन लिटर द्रावण कागदोपत्री १४० ग्रॅमच्या आसपास तांबं घेतं, पण निम्म्यावर आलं की ते इतकं मंद होतं की थांबावं. म्हणजे साधारण वीस बोर्ड. डिझाईन करताना मोकळी जागा ग्राउंडच्या (सर्किटच्या सामाईक शून्य जोडणीच्या) तांब्याने भरून ठेवली तर काढायचं तांबंच कमी होतं आणि हा आकडा सहज वाढतो.

सोडियम परसल्फेट वापरणारेही आहेत. लिटरला २०० ते २५० ग्रॅम, ४० ते ५० अंश. द्रावण पारदर्शक असल्याने बोर्ड टाकीतच दिसतो आणि डागांचा त्रास नाही. मात्र ते साठवलं की हळूहळू वायू सोडतं, म्हणून घट्ट बुचाच्या बाटलीत कधीच नको.

ऑनलाईन स्वस्तात बोर्ड मिळतात, मग हा खटाटोप का?

ज्याला सोल्डर मास्क (ट्रॅकवरचा संरक्षक रंगाचा थर), दोन थरांना जोडणारी तांब्याची भोकं आणि बारीक ट्रॅक हवेत, त्याने बाहेरूनच करून घ्यावेत. घरच्या टाकीत ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक ट्रॅकची अपेक्षा धरू नये. पण सकाळी काढलेलं डिझाईन संध्याकाळी जोडून तपासायचं, चूक सापडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, ही सोय कुरियरने येणाऱ्या बोर्डात नाही. शिकणाऱ्याला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

वापरलेलं द्रावण नाल्यात का नाही?

२०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर ठरलं, ते कान्ह आणि सरस्वती नद्यांत सांडपाणी थेट जाऊ नये म्हणून झालेल्या कामामुळे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात घाण खाण्याचं काम जिवाणू करतात, आणि विरघळलेलं तांबं त्या जिवाणूंना मारतं. माशांनाही. मोरीत ओतलेलं द्रावण लोखंडी आणि पितळी फिटिंगही खातं. टाकी बांधणाऱ्याने ही शेवटची पायरी आधी ठरवून मगच फेरिक क्लोराईड विकत आणावं.

निकामी द्रावण मोठ्या बादलीत दहापट पाण्यात घाला. धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट टाकत लाकडी काठीने ढवळा. एका लिटर मूळ द्रावणाला साधारण ४०० ग्रॅम सोडा लागतो आणि तेवढ्यात ऐंशी-नव्वद लिटर कार्बन डायऑक्साईड सुटतो. घाई केली की फेस बादलीबाहेर येतो, म्हणून हे उघड्यावर करायचं. फेस थांबला आणि लिटमस निळा झाला की थांबा. तांबं आणि लोखंड गाळ होऊन खाली बसतं. दोन दिवसांनी वरचं पाणी नितळ, रंगहीन दिसलं तर ते हळूच काढून टाका. निळसर झाक असेल तर तांबं अजून पाण्यात आहे. आणखी सोडा घाला. बोर्ड धुतलेलं पहिलं पाणीही याच बादलीत जायला हवं.

खालचा गाळ उन्हात वाळवून सिमेंटमध्ये कालवा आणि जुन्या प्लास्टिकच्या डब्यात घट्ट होऊ द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात तो टाकू नका. महापालिकेच्या गाडीत घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. डब्यावर ‘तांब्याचा गाळ’ असं लिहून, आत काय आहे ते गाडीवाल्याला सांगूनच द्या.